वासाची फेरी

मुलं जिला 'बू', म्हणजे बाई, म्हणत त्या इमासचा नवरा दारसा साथीच्या वर्षी तापाने वारला, आणि त्याच तापात तिची वास घेण्याची शक्तीही गेली. नाकाचं तिने कुणालाच सांगितलं नाही. बोगोर शहरातल्या वनस्पती उद्यानात एकवीस वर्षं ती शाळेच्या मुलांना झाडं दाखवत होती. अंध मुलांसाठी वासाची फेरी तर तिनेच सुरू केलेली. नाक चालत नाही म्हटल्यावर ती फेरी तिच्याकडे कोण ठेवणार?

मग तिने युक्ती काढली. मुलांना हुंगायला द्यायच्या मसाल्यांच्या कापडी पिशव्या सगळ्या एकसारख्या, म्हणून तिने त्यांच्या नाडीला गाठी मारल्या. एक गाठ लवंग, दोन जायफळ, तीन वाळा. दीड वर्ष निभावलं.

त्या मंगळवारी अंधशाळेची नऊ मुलं आली. आदल्या दिवशी ऑफिसातल्या नव्या बाईने पिशव्या धुऊन हाताला येतील तशा भरल्या होत्या, याचा इमासला पत्ताच नव्हता. तिने एक गाठ चाचपली आणि पिशवी युयुन नावाच्या मुलीच्या हातात दिली.

"हुंग बरं. लवंग."

"थट्टा करता का, बू? हे तर जायफळ!"

मुलं खिदळली.

"नीट हुंग."

"हुंगलं की! लवंग मला कळत नाही होय? आमच्या आजोबांच्या लवंगेच्या सिगारेटीला येतो तो वास."

इमास कठड्यावर बसली. "माझ्या नवऱ्याच्या शर्टालाही यायचा."

"आता नाही येत?"

"ते गेले, पोरी. आणि मला कशाचाच वास येत नाही."

कुणी हसलं नाही. युयुनने टोपलीतली एकेक पिशवी हुंगली आणि एक इमासच्या तळहातावर ठेवली. "ही घ्या लवंग."

इमासने पिशवी नाकाला लावून खोल श्वास घेतला. काहीच नाही.

"नाही गं."

"मग मी सांगते. आधी गोड. मग झोंबतो. मग कुणीतरी घरात आल्यासारखं वाटतं."

इमासने तोंडाला ओढणी लावली, तरी हुंदका मुलांना ऐकू गेलाच.

दुपारी तिने बागेच्या वरिष्ठांना, सुहेर्मनसाहेबांना, सगळं सांगितलं.

"एवढं लपवलंत? आधी बोलायचं नाही का?"

"बोलले असते तर काय केलं असतंत?"

त्यांनी फेरी तिच्याकडून काढून घेतली. पुढच्या महिन्यापासून ती दारावर तिकिटं फाडायला बसली. अंधशाळेची मुलं आली, की युयुन तिकिटाच्या खिडकीशी थांबून विचारायची, "वास आला का, बू?"

"नाही अजून. जा, उशीर होतोय."