खुनाच्या दृश्याला आमेन

"आता जरा गप्प बस," ल्यूशस हॅगन्स म्हणाला. "जवळ आलंय."

"मी कुठं बोलतेय? शेंगा खातेय," मॅटी लू म्हणाली, पण उकडलेल्या शेंगांचा वाडगा तिनं मांडीवरून उचलून खाली ठेवला आणि हात झग्याला पुसले.

टीव्हीवर दलदलीच्या घोटाभर पाण्यातून कुणीतरी चाललं होतं. चेहरा दाखवत नव्हते, नुसते बूट.

"मघाशी हेच बूट शेरीफच्या पायात होते," मॅटी लूला राहवलं नाही.

"एकच जोड होता त्यांच्याकडं. ओझेला सांगायची ना, सकाळी आधी उठेल तो शेरीफ."

दोघं हसली. ओझेला म्हणजे ल्यूशसची बायको आणि मॅटी लूची थोरली बहीण. ती जाऊन काही वर्षं झाली होती. या सिनेमात ती कुठंच दिसत नाही. तिचा फक्त आवाज आहे, तोही एकाच ठिकाणी, आणि तेवढ्यासाठी ही दोन म्हातारी माणसं भर दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून बसली होती. त्या सकाळीच टपालानं सिनेमाची नवी कोरी डिस्क आली होती. वेष्टनावर कुऱ्हाडीचं चित्र होतं, आणि मागच्या बाजूला बारीक अक्षरांत ओझेला हॅगन्स हे नाव. ल्यूशसनं ते नाव चष्मा काढून, मग चष्मा लावून, असं दोन्ही तऱ्हेनं वाचलं होतं.

पडद्यावरच्या पोरीनं मागं वळून पाहिलं. बुटांनी पाणी तुडवलं. कुऱ्हाड वर गेली. ल्यूशसनं डोळे मिटले.

एक बाई किंचाळली. काच फुटावी तशी, स्वच्छ आणि टोकदार. शहरातली कुणीतरी, पैसे घेऊन किंचाळणारी.

ल्यूशसनं डोळे उघडले नाहीत. "चुकीचं बटण दाबलंस. डिस्कवर जुना-नवा असे दोन आवाज आहेत म्हणाला होता तो कंपनीचा पोरगा. आपलावाला लाव."

"आपलावालाच लावलाय, ल्यूशस."

"मग परत लाव."

मॅटी लूनं परत लावलं. तीच बाई, तशीच किंचाळली.

*

सिनेमाचं नाव 'पाणथळीचा पाहुणा'. ल्यूशस तेव्हा शाळेच्या बसगाड्या दुरुस्त करायच्या गॅरेजात नवा लागला होता आणि लग्नाला वर्षही झालं नव्हतं. डॅलसहून एक दिग्दर्शक दोन मोटारींत मावतील तेवढी माणसं घेऊन दक्षिण आर्कन्सॉतल्या त्यांच्या गावात उतरला. ओझेलाला त्यांनी स्वयंपाकाला ठेवलं. ती त्यांना वालाचं कालवण, मक्याचा पाव आणि तळलेले मासे करून घाली, आणि संध्याकाळी घरी येऊन ल्यूशसला एकेकाच्या नकला करून दाखवी. पैशाची इतकी ओढाताण की आधी नुसतं चित्र काढायचं आणि आवाज मागाहून भरायचे, असा त्यांचा कारभार. आवाज भरायची वेळ आली तेव्हा सिनेमात मरणारी नटी केव्हाच आपल्या घरी गेली होती.

दिग्दर्शक स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. "ओझेला, तू चर्चमध्ये गातेस म्हणे. एकदा किंचाळून देशील का?"

ओझेलानं खूप खटपट केली, पण तिला किंचाळता येईना. हसूच यायचं. मग ती म्हणाली, मला तो तुकडा दाखवा. तिनं तो पाहिला आणि विचारलं, "हिच्या मागं रडणारं कुणी नाही का?"

"सिनेमा आहे बाई तो."

"असेना का."

मग तिनं मायक्रोफोनपुढं डोळे मिटले आणि आपल्या वडिलांचा सूर लावला.

तिचे वडील रेव्हरंड सिलास टर्नबो. त्यांचं प्रवचन ज्यानं ऐकलं, तो दुसऱ्या कुणाचं ऐकून तृप्त झाला नाही. सुरुवात अगदी साधी, कुंपणापाशी उभं राहून पिकापाण्याच्या गप्पा माराव्यात तशी. मग हळूहळू वाक्यांना झोका यायचा. शब्द तोकडे व्हायचे, श्वास लांबायचे, बाकांवरून लोक एकेका वाक्याला साथ द्यायचे. आणि शेवटी शब्द सगळेच सरायचे. उरायचा तो पोटातून निघालेला एकच लांब स्वर, खाली घसरत जाणारा आणि पुन्हा उचलला जाणारा. तो ऐकताना मेलेलं माणूस आठवायचं आणि देवावरचा रागही जायचा. रेव्हरंड म्हणत, शब्दांत मागता येत नाही ते माणूस असं मागतं. हा सूर टेपवर भरायला मात्र त्यांची सक्त मनाई. देवाच्या कानासाठी आहे तो, डब्यात भरायला ते काही लोणचं नाही, असं त्यांचं म्हणणं. ओझेलानं ती मनाई जन्मभर पाळली. नातवंडांच्या वाढदिवसांच्या चित्रणातसुद्धा ती हात आडवा धरून पुढून निघून जाते, एक अक्षर बोलत नाही. एवढी एकदाच ती मोडली, एका परक्या गोऱ्या पोरीसाठी, जी खरी मेलीही नव्हती.

सिनेमा पहिल्यांदा लागला तो गावाबाहेरच्या ड्राइव्ह-इनला. मोटारीत बसून पाहायचं मोकळ्या रानातलं थेटर. रेव्हरंड टर्नबोही आले आणि शेवटच्या रांगेत गाडी लावून, टोपी नाकावर ओढून बसले. माझ्या चर्चची मेंढरं कुठं भरकटतात ते पाहायला आलोय म्हणाले. पोरं गाड्यांचे भोंगे वाजवत होती, शेरीफचे बूट दिसले की हुर्यो उडवत होती. मग कुऱ्हाड वर गेली आणि गाडीगाडीच्या खिडकीत अडकवलेल्या त्या छोट्या कर्ण्यांमधून ओझेलाचा सूर आला. भोंगे थांबले. ल्यूशसच्या हातातला मक्याच्या लाह्यांचा पुडा तसाच राहिला. शेवटच्या रांगेतून कुणीतरी म्हातारी भरल्या गळ्यानं म्हणाली, "आमेन." मग दुसरं कुणी. मग रांगच्या रांग. खुनाच्या दृश्याला आमेन म्हणणारं गाव म्हणून त्यांची थट्टा पुढं कित्येक वर्षं होत राहिली.

रेव्हरंड तसेच घरी गेले. दुसऱ्या दिवशी ओझेला भीतभीत गेली तर म्हणाले, "पोरी, जागा चुकली. सूर नाही चुकला."

पुढं सिनेमा दुसऱ्या कुणी विकत घेतला. त्यांना तो आवाज पसंत पडला नाही. भीती वाटत नाही, चर्चमध्ये बसल्यासारखं वाटतं म्हणाले. त्यांनी शहरातली एक बाई आणून तिची किंकाळी भरली आणि त्या किंकाळीनिशी सिनेमाच्या कॅसेटी देशभर गेल्या. ओझेलाचा आवाज राहिला तो गावातल्या जुन्या रिळात. ड्राइव्ह-इनच्या मालकानं ते रीळ एकदा भिंतीवर चालवून, कॅमेऱ्यानं टिपून त्याची कॅसेट करून ठेवली होती. थेटर मोडलं, रीळ ओल लागून गेलं, तेव्हा मालकानं ती कॅसेट ओझेलाला आणून दिली. तिनं ती चादरींच्या खणात टाकली. "मी मेल्यावर लावा आणि हसा," म्हणाली.

ती गेल्यावर ल्यूशसनं ती लावली. हसला नाही.

*

ट्रॅव्हिस बीमन आला तो गेल्या पानगळीत. चाळिशीचा, दाढीवाला, अंगातल्या टी-शर्टवर हीच कुऱ्हाड. विस्मरणात गेलेले असले सिनेमे शोधून, धुऊन-पुसून डिस्कवर आणणाऱ्या एका छोट्या कंपनीत तो होता. पहिल्या आवाजाची दंतकथा त्यानं कुठंतरी ऐकली होती.

"तू शिकलासवरलेला दिसतोस," मॅटी लूनं त्याला कॉफी देता देता विचारलं होतं. "हे असलं का बघतोस रे बाबा? रक्त बघ ना, सगळं टोमॅटोचं सॉस."

"हो मॅडम. आणि नदीकाठच्या प्रसंगात शूटिंगचा दिवा डोक्यावर लोंबतोय." तो अगदी प्रेमानं हसला. "पण त्यांच्याकडं झाकायला पैसाच नव्हता ना. मोठ्या सिनेमात सगळं झाकलेलं असतं. इथं मधेच काहीतरी खरं आत घुसतं, आणि ते परत बाहेर काढणं त्यांना परवडत नाही. मी पोरगा होतो तेव्हा आईबापांची भांडणं चालली की खाली तळघरात जाऊन असले सिनेमे लावायचो. ते खरं कधी येईल, याची वाट बघत."

ल्यूशसला हा पोरगा आवडला. ल्यूशसचे सासरे, रेव्हरंड टर्नबो, यालाच कृपा म्हणत. ती येते तेव्हा घर झाडलेलं आहे की नाही हे बघत नाही. त्यानं कॅसेट उशीच्या अभ्र्यात गुंडाळून ट्रॅव्हिसच्या हातात दिली.

"मिस्टर ल्यूशस, मिस ओझेला आता कायमच्या राहतील," ट्रॅव्हिस म्हणाला होता.

*

ल्यूशसनं लावलेला फोन पहिल्याच घंटीला उचलला गेला.

"मिस्टर ल्यूशस. डिस्क पोचली वाटतं." ट्रॅव्हिसचा आवाज पडला होता. "मी आधीच फोन करायला हवा होता. धीर झाला नाही."

"तुझ्या माणसांनी चुकीची बाई घातलीय, बाळा."

"चूक नाही झाली. तुमच्या कॅसेटवर तिथं काही उरलेलंच नाही."

ल्यूशसनं फोन दुसऱ्या कानाला लावला.

"बाकी सगळी कॅसेट ठणठणीत आहे, म्हणून बाकीचा पहिला आवाज आम्ही तिच्यावरूनच घेतला. फक्त तेवढाच तुकडा गेलाय. एकाच जागी टेप सारखी मागं घेतली, पुन्हा लावली, थांबवली की वरचा थर खरवडून निघतो. आवाज त्या थरातच असतो. आम्ही तीन ठिकाणी पाठवून पाहिली. नुसती खरखर आहे. रिकामं कसं ठेवायचं, म्हणून शेवटी तिथं दुसऱ्या कॅसेटवरची किंकाळी जोडली. नाव मात्र मी काढू दिलं नाही. थेटरवाल्याच्या घरात पोरं असतील ना. पोरं असल्या जागा मागं घेऊन घेऊन बघतात."

थेटरवाल्याला मूलबाळ नव्हतं. आणि कॅसेट घरात आली तेव्हा ओझेलानं ती एकदा लावून पाहिली होती. सूर स्वच्छ होता. तिला पुरल्यानंतर ल्यूशस रोज जेवण झाल्यावर ती लावायचा. सिनेमा नाही, तेवढाच तुकडा. मागं घ्यायचा, ऐकायचा, मागं घ्यायचा. कधी सुरू होण्याच्या आधीच थांबवून ठेवायचा, ती आता येणार आहे एवढंच हवं असायचं म्हणून.

"हो," तो म्हणाला. "पोरंच असतील."

"मला फार वाईट वाटतंय, मिस्टर ल्यूशस."

"तू तुझं काम चोख केलंस. देव तुझं भलं करो."

फोन ठेवून तो उभाच राहिला. मॅटी लूनं शेंगांची टरफलं गोळा करायला घेतली, मग तीही सोडून दिली.

"पण मी त्याला द्यायच्या आदल्या दिवशी ऐकली होती," ल्यूशस म्हणाला. "तू होतीस. इथंच बसली होतीस. ओझेला अगदी स्पष्ट ऐकू येत होती."

मॅटी लू खालमानेनं बसली होती.

"मॅटी लू?"

"नुसती खरखर होती, ल्यूशस."

"त्या दिवशी?"

"वर्षभर. जास्तच असेल. आधी बारीक झाली, मग तुटक तुटक, मग गेलीच. तू डोळे मिटून मान डोलवायचास. शेवटी आमेन म्हणायचास. मला वाटलं, याला ऐकू येतंय तर येऊ दे. मी कोण सांगणार? आणि त्या पोराला दिलीस तेव्हा वाटलं, मोठ्या शहरातली माणसं आहेत, त्यांच्या यंत्रातून निघेल काहीतरी."

"अगं, सांगायचं होतंस. मी थांबलो असतो."

"तोवर थांबण्यासारखं काही राहिलं नव्हतं रे."

ल्यूशस खुर्चीत बसला. त्यानं डोळे मिटले आणि ओझेलाला बोलावलं, रोज बोलवायचा तसं. कुऱ्हाड वर गेली. ती शहरातली बाई किंचाळली. त्यानं पुन्हा प्रयत्न केला, आता दलदल नाही, कुऱ्हाड नाही, नुसती ओझेला, स्वयंपाकघरात पाठमोरी उभी. ती वळली, तिनं तोंड उघडलं, आणि तीच किंकाळी आली. आजवर टेप कोरी असूनही तिचा सूर त्याच्या कानात भरलेला होता; त्या कोऱ्या जागेवर आता दुसऱ्या कुणाचा आवाज बसला होता.

"मॅटी लू, तिचा सूर कुठून उचलायचा गं? खालून की वरून?"

मॅटी लूनं तोंड उघडलं. घशातून थोडासा आवाज निघाला, पण तो खोकल्यात विरला. "मला गाता येत असतं तर मला ठेवलं नसतं का त्यांनी स्वयंपाकाला," ती म्हणाली. ल्यूशस हसला नाही. तिनं उठून टीव्ही बंद केला.

*

रविवारी गीताला सुरुवात करून द्यायची पाळी ल्यूशसची होती. त्यांच्या चर्चमध्ये प्रवचनाआधी जुन्या पद्धतीनं एक गीत होतं. वाजंत्री नाही, पुस्तक नाही. चर्चच्या जुन्या सेवकानं, म्हणजे डीकननं, उभं राहून एक ओळ झरझर म्हणायची आणि मंडळींनी ती घोळवत, लांबवत गायची. मग डीकननं पुढची ओळ द्यायची. तरुण पास्टरनं दारातच त्याचा चेहरा पाहिला. "डीकन, आज दुसऱ्या कुणाला सांगू का?"

"नको. मी बरा आहे."

तो पुढच्या बाकाच्या पाठीला धरून उभा राहिला आणि त्यानं पहिली ओळ दिली. आवाज जेमतेम निघाला, पण मंडळींना तेवढं पुरतं. त्यांनी ओळ उचलली. बायकांच्या बाजूनं सूर पसरत गेला, पुरुषांनी तो खालून धरला, आणि सगळ्यांचा मिळून तो संथपणे छताकडं चढू लागला. ल्यूशस कान देऊन उभा होता. याच बायकांच्या मधोमध ओझेला जन्मभर उभी राहिली होती. इतक्या गळ्यांपैकी कुणाच्या तरी गळ्यात तिचं काहीतरी राहिलं असेल. त्यानं एकेक आवाज वेगळा काढून ऐकला. मिस बर्डी थरथरती, जाड. टिलमनांच्या दोघी मुली, कोवळ्या. मॅटी लू, सुराच्या जरा खाली, नेहमीसारखी. सगळ्या ओळखीच्या होत्या. ती त्यांत नव्हती.

ओळ संपली. सूर खाली उतरला आणि थांबला. कुणीतरी पंख्यानं वारा घेत होतं, कुणाचं तरी तान्हं कुरकुरत होतं. मंडळी त्याच्याकडं बघत वाट पाहत होती.

ल्यूशसनं त्यांना पुढची ओळ दिली.