ओळंबा थांबेपर्यंत

“सोड, आणि थांब. हलतोय तोवर त्याच्याकडे बघायचंसुद्धा नाही.”

हा आवाज अजून माझ्या कानात आहे. बोलणारा म्हातारा मिस्त्री कधीच गेला. ऐकणारा त्याचा शिकाऊ गवंडी आता केस पिकवून बसलाय. आणि मी? मित्रांनो, मी एक जुना ओळंबा आहे. पितळेचा, लिंबाएवढा, खाली टोकदार, डोक्यात सुती दोरी. भिंतीच्या कडेला मला सोडतात. मी झुलतो, दमतो, थांबतो. थांबलो की दोरी सांगते, भिंत सरळ आहे की कललेली. मला एवढंच येतं. खोटं येत नाही. म्हणूनच आज माझं डोकं फिरलंय.

एका लेथवाल्याने मला घडवलं. चकाकत निघालो आणि मिस्त्रीच्या हातून त्या शिकाऊ पोराच्या खिशात आलो. पुढे त्याचा हात असा बसला की लोक विचारायचे, “मिस्त्री, भिंत बांधली की इस्त्री केली?” तो हसायचा आणि मला सदऱ्याला पुसायचा. दोरी सोडली की श्वाससुद्धा हळू घ्यायचा.

घरी त्याची लेक होती. ती भांडून रडायला लागली की तो मला दाराच्या चौकटीला टांगायचा. “हा थांबेपर्यंत रडून घे. मग बोल, मी ऐकतो.” मी झुलायचो, ती हुंदके द्यायची. आम्ही दोघं बरोबरच शांत व्हायचो. मग तो खरंच ऐकायचा. तिच्या फ्रॉकचे खिसे मात्र कायम फाटलेले. त्यात कामावरच्या दगडांचे तुकडे.

“बाबा, हा आतून हिरवा का?”

“दगड आहे म्हणून.”

“मग तो का नाही हिरवा?”

गवंडी दोन्ही दगड उलटून बघायचा. आई खिसे शिवायची.

आणि मग ती दुपार आली. वारा सुटला होता. नवा इंजिनिअर साहेब आला, त्याने मला उचललं, सोडलं आणि मी गरगरत असतानाच म्हणाला, “भिंत दोन बोटं बाहेर आहे. पाडा.”

“साहेब, थांबू द्या की त्याला जरा.”

“तू शिकवणार मला?”

मित्रांनो, भिंत सरळ होती! मी ओरडून सांगितलं असतं, पण मला तोंड नाही, फक्त टोक आहे. गवंड्याने हातोडा घेतला आणि आपलीच सरळ भिंत आपल्याच हाताने पाडली. घरी आला, हातपाय धुतले आणि म्हणाला, “पोरगी इंजिनिअर होणार.” का, ते कुणाला सांगितलं नाही. पोरगी तेव्हा आठ वर्षांची होती आणि अंगणात दगड मांडत बसली होती.

पुढे त्याचे गुडघे गेले. मला मोडक्या थापीबरोबर पत्र्याच्या पेटीत टाकलं, पेटी खाटेखाली ढकलली. माझ्यावर हिरवट डाग चढले. त्याचा मला राग नाही. राग आला तो आज सकाळी.

लेक आता विद्यापीठात आहे, बाबांनी निवडलेल्या स्थापत्य शाखेत, दुसऱ्या वर्षाला. आज तिने टेबलावर एक कागद ठेवला. शाखा बदलण्याचा अर्ज. तिला भूशास्त्र शिकावंसं वाटतंय. पालकांची सही हवी, आणि मुदत आजच संध्याकाळी संपतेय.

गवंड्याचे धाकटे भाऊ, तिचे काका, तिथेच होते; ते खो खो हसले. “दगडांचा अभ्यास? घरात काय दगड कमी आहेत, वहिनी?”

“आहेत की, भावजी,” आई म्हणाली. “एक आत्ताच बोलला.”

गवंडी हसला नाही. “दोन वर्षं पाण्यात घालायची? सही मिळणार नाही.”

“बाबा, माझं अजून पक्कं नाही. इकडे राहावं की तिकडे जावं, रोज हलतेय मी. पण ठरवू तरी द्या मला!”

“हलायचं नाही! ठरलंय ते.”

ठरलंय? पेटीत मी नुसता तापलो. अरे माणसा, हलत्या ओळंब्याकडे बघायचं नाही, हे तुझ्या हाडात भिनलेलं! वीटमातीच्या भिंतीसाठी श्वास रोखायचास, आणि पोटच्या पोरीसाठी घटकाभर थांबवेना? त्या साहेबात आणि तुझ्यात फरक काय राहिला?

तेवढ्यात पेटी खरखरत बाहेर आली. लेकीने मला उचललं, ओढणीने पुसलं आणि दाराच्या चौकटीला टांगलं.

“हा थांबेपर्यंत कुणी बोलायचं नाही. मीही नाही. थांबला की मला इंजिनिअर का करायचं होतं, ते तुम्ही सांगायचं. मग मी ठरवते.”

तिने मला सोडलं. मी झुलू लागलो. काकांनी तोंड उघडलं, आईने नुसतं बघितलं, ते मिटलं.

मित्रांनो, झुलता झुलता तुम्हाला एकच सांगतो. मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणत नाही. हिरवा झालो तरी मी सरळच लोंबतो. पण कुणी मनाने हेलकावत असेल, तर त्याला थांबायला जागा द्या. दोरी हिसकू नका. आणि हलत्या माणसाकडे बघून त्याची भिंत पाडू नका. पाडणाऱ्याचा हातोडा क्षणभर वाजतो, बांधणाऱ्याच्या छातीत तो जन्मभर वाजत राहतो.

मी दमलो. थांबलो.

गवंडी दोरीकडे बघत होता. चौकट सरळ होती, त्यानेच बसवलेली. तो लेकीकडे वळला.

“एक भिंत होती, पोरी. सरळ होती. साहेब पाड म्हणाला, आणि मी पाडली. तू साहेब झालीस की मला कुणी पाड म्हणणार नाही, असं वाटलं. तुझ्यासाठी नव्हतंच ते. माझ्यासाठी होतं.”