एक्क्याण्णव

बेसबॉलच्या निवड चाचणीत ट्रेंटने तीन फलंदाज ओळीने बाद केले, तरी वेगाच्या फलकावर त्याच्या चेंडूचा आकडा ताशी चौऱ्याऐंशी मैलच राहिला. निवडीला आलेले कॉलेजांचे प्रशिक्षक खुर्च्या मिटू लागले.

"पोरगं डोक्याचं आहे हो," एक जण सूर्यफुलाच्या बियांची टरफलं थुंकत म्हणाला, "पण नव्वद मैल नाही, तर कॉलेजच्या संघात जागा नाही."

ट्रेंटच्या आईने, लोर्नाने, ते ऐकलं. त्याच्या दुखऱ्या कोपराला सकाळीच तिने बर्फ लावला होता. ती जाळीला बिलगून ओरडली, "बस झालं रे राजा!"

ट्रेंटने एक बोट वर केलं. एकच, आई. मग सगळा जीव एकवटून चेंडू फेकला.

"एक्क्याण्णव!" बिया चघळणारा तो प्रशिक्षक लोर्नाकडे धावला. "अहो बाई, नाव काय पोराचं?"

लोर्ना जाळीचं फाटक ढकलून आत धावली. ट्रेंट लोंबता हात छातीशी धरून तिच्याकडे बघत हसत होता.