ओरिनचं हसणं

सिरॅक्यूजला मिठाची पिंपं भरून होडी निघाली, तेव्हा ड्रुसिलाने आपल्या धाकट्या जावेला स्वतः हात देऊन वर घेतलं. दीर एझ्रा तापाने गेला होता आणि त्याची बायको लविना बफेलोला माहेरी निघाली होती.

दोनच दिवसांत ड्रुसिला पस्तावली. लविना काहीबाही सांगायची आणि सुकाणूवरचा तिचा दीर, म्हणजे ड्रुसिलाचा नवरा ओरिन, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायचा. बायकोच्या बोलण्यावर तो असा कधी हसला नव्हता.

"मलाही कळू दे की गंमत," ड्रुसिला म्हणाली.

"तुला नाही कळायची गं," ओरिन म्हणाला.

लॉकपोर्टला कालवा पायऱ्यांसारखा डोंगर चढतो. दोन फाटकांमध्ये होडी कोंडून पाणी सोडतात, तशी ती वर येते. तेव्हा काठावर उतरून खुंटाला दोर आवळून धरायचं काम कायम ड्रुसिलाचं.

"आज मी धरते, जाऊबाई."

"धरू दे तिला," ओरिन हसत म्हणाला. "तुला तेवढाच आराम."

ड्रुसिलाने दोर तिच्या हातात दिला. लविनाने खुंटाला एकच वेढा दिला; तेवढा पुरणार नाही, हे ड्रुसिलाला दिसत होतं. ती गप्प राहिली.

पाणी उसळलं, होडीने हिसका दिला आणि दोर लविनाचे तळवे सोलत सुटला. ड्रुसिलाने झडप घालून तो धरला, म्हणून होडी फाटकावर आदळता आदळता वाचली. ओरिन मात्र उडी मारून धावला तो लविनाकडे.

"एवढा कळवळा असेल, तर तिच्यासोबतच राहा!" ड्रुसिला सगळ्यांदेखत ओरडली.

लविना पुन्हा होडीत चढलीच नाही, घोडागाडीने पुढे गेली.

ओरिन पुन्हा सुकाणूवर बसला. बफेलो दिसू लागल्यावर म्हणाला, "लविना सांगायची त्या गोष्टी एझ्राच्या होत्या. ती अगदी त्याच्यासारखी सांगते. अडखळते तीसुद्धा तशीच."

ड्रुसिला मलम घेऊन लविनाच्या माहेरी गेली. लविनाचे दोन्ही हात फडक्यांत गुंडाळलेले होते.

"वेढा कमी होता. मी बघितलं होतं," ड्रुसिला म्हणाली.

"वाटलंच मला." लविना म्हणाली. "पण मीही भाऊजींना मुद्दाम हसवत होते, जाऊबाई. त्यांचं हसणं थेट एझ्रासारखं आहे. डोळे मिटून ऐकायचे मी."

ड्रुसिलाने तिच्या हातांना मलम लावलं, फडकी पुन्हा बांधली. राग गेला होता, पण आत काहीतरी अजून डाचत होतं. त्या दोघांपाशी एझ्रा होता, आणि त्यात तिला वाटा नव्हता.

"परतताना आमच्यासोबत होडीने येशील?" तिने तरीही विचारलं.

"नको," लविना म्हणाली. "तुम्ही जा."