दोन वेढे

राजनंदिनीनं बाजेच्या पायगतीच्या लाकडाला तळपाय टेकवला, अंबाडीची दोरी मुठीला गुंडाळली आणि सगळं अंग मागं टाकून ओढली. दोरी करकरली, मधला झोळ वीतभर वर आला. तिनं घाईघाईनं गाठ मारली आणि बाजेवर तळहात दाबून पाहिला. मध्ये ठीक होतं. भिंतीकडची बाजू मात्र लोंबतच होती, उलट आधीपेक्षा चार बोटं जास्तच.

"पुन्हा तिकडंच," ती म्हणाली.

"सकाळपासून पाचवी बारी हाय," उंबऱ्यावर बसून लसूण सोलणाऱ्या द्वारकाबाई म्हणाल्या. "सोड आता, नंदे. बालाजी सांजच्याला पलंग घेऊन येऊन राहिला. हाताला फोड काहून आणतीस?"

नंदानं आईकडं न बघता गाठ पुन्हा सोडायला घेतली. ओसरीत खाली गोधडीवर तिचे बाबा, माणिकराव, पाठीशी उशा लावून कलते निजवलेले होते. माघात लकव्यानं त्यांचं उजवं अंग गेलं आणि जाताना वाचाही घेऊन गेलं. शाबूत राहिले ते डोळे आणि डावा हात. डोळे बाजेवर खिळले होते.

दोन महिने ते याच बाजेवर पडून होते. बाज भिंतीकडं झुकायची, तिच्याबरोबर तेही घरंगळायचे, आणि माकडहाडापाशी जखम झाली होती. ती बांधायला येणाऱ्या नर्सनं परवा निक्षून सांगितलं, सपाट पलंग आणा, वर हवेची गादी घाला, नाहीतर हाडापर्यंत जाईल. नंदाच्या भावानं, बालाजीनं, लगेच हिंगोलीत पलंग पाहून ठेवला. गोष्ट शहाणपणाचीच होती. पण पलंगाचं नाव निघालं तसं बाबांनी भिंतीकडं तोंड फिरवलं ते रात्रीच्या जेवणालाही वळवलं नाही.

"सुंभ जळालं तरी पीळ जळत न्हाई," आई म्हणाली होती, आणि म्हणता म्हणता तिनं पदर डोळ्याला लावला होता.

त्यांचा पीळ उगाच नव्हता. गोरेगावात बाज विणावी ती माणिकरावांनी, हे सगळं गाव मानायचं. शेती करून उरलेल्या उन्हाळ्यात ते कुणाची बाळंतिणीची बाज विणायचे, कुणाची नव्या जावयाची. बदल्यात घ्यायचे एक कप चहा आणि स्तुती. चहा एखाद्या वेळी नसला तरी चाले. अशा माणसाला लोखंडी पलंगावर निजवायचं म्हणजे सुगरणीला खानावळीचा डबा लावण्यासारखं होतं. म्हणून नंदानं सकाळी मनाशी ठरवलं, पलंग यायच्या आत ही बाज सपाट करायची. बाज सपाट झाली, की गादी तिच्यावरच घालता येईल. उद्या तिला परत निघायचं होतं, तेव्हा जे काही करायचं ते आजच.

आणि खरं सांगायचं, तर हे काम कुणाला जमावं तर तिलाच. सहा वर्षं ती याच्यावरच पीएचडी करत होती. तिच्या विषयाचं नाव उच्च-प्रवणता सातत्य यांत्रिकी असं काहीतरी होतं. लग्नपत्रिकेत छापलं तर नवरानवरीला जागा उरायची नाही. पण आतली गोष्ट साधी होती. रबराचा तुकडा ओढला, तर एखाद्या जागी किती ओढ बसली एवढं कळलं की पुरतं. आत जाळी विणलेली असली की पुरत नाही. त्या जागेची ओढ तर धरावीच लागते, शिवाय शेजारी ती किती बदलली हेही धरावं लागतं, कारण आतला प्रत्येक धागा वाकतो आणि शेजारच्यालाही वाकवतो. मग कडेचा हिशोबही दुप्पट होतो. कड कुठं धरली आहे तेवढं सांगून भागत नाही, ती तिथं वळू शकते की नाही हेही सांगावं लागतं.

प्लास्टिकची अशी एक तळहाताएवढी जाळी ती दिवाळीत बाबांना दाखवायला घेऊन आली होती. त्यांनी ती उलटसुलट केली, दोन टोकं धरून ताणली आणि हसले.

"ही तर बाजच की गं. भातुकलीतली."

"व्हय बाबा. तेच तर शिकून राहिले मी."

"कड कच्ची हाय पण." त्यांनी जाळीच्या कडेवर नख फिरवलं. "कडेनं सोडलं, की मधलं कितीबी वढ, काय उपेग?"

ती हसली होती आणि जाळी पिशवीत टाकली होती. पौषात प्रयोगशाळेत एकामागून एक सात जाळ्या फाटल्या, सगळ्या कडेला, तिच्या गणितानं सांगितलेल्या जागेपासून दूर. तेव्हा तिला जाळीच्या कडेवरचं बाबांचं ते नख आठवलं. फोनवर विचारण्यासारखं नव्हतं ते, हातात दोरी घेऊनच विचारायला हवं होतं. शिवरात्रीला जाऊ तेव्हा विचारू, असं तिनं ठरवलं. शिवरात्रीला चार दिवस असताना बालाजीचा फोन आला.

नांदेडच्या डॉक्टरांनी तेव्हा विचारलं होतं, आधी काही जाणवलं होतं का? हातातून वस्तू सुटणं, बोटं जड होणं? कधी कधी असे छोटे इशारे येतात, तेव्हाच आलात तर गोळ्यांवरही निभावतं. घरातली शिकलेली म्हणून तीच पुढं झाली होती. "नाही डॉक्टर, एकदमच झालं," तिनं सांगितलं होतं, आणि डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं होतं.

आता ती दोरीचं टोक घेऊन बाबांच्या शेजारी बसली.

"बाबा, कुठं ओढू? हितं?"

त्यांनी डोळे घट्ट मिटले. त्याचा अर्थ 'नाही'.

"मग तिकडून? भिंतीकडून घेऊ?"

पुन्हा डोळे मिटले. तिनं सहा जागा विचारल्या, सहाही वेळा नाही. त्यांच्या घशातून एक खरखरीत आवाज निघाला आणि डाव्या हाताचं बोट गोधडीवर फिरायला लागलं. एक गोल, दुसरा गोल, मग थांबलं. परत एक गोल, दुसरा गोल. ती त्या बोटाकडं बघत राहिली. सहा वर्षांत ती गणिताची जी अक्षरं शिकली, त्यातलं एकही या गोलात बसत नव्हतं. तिला रडू यायला लागलं तसा तिला स्वतःचाच राग आला.

"काय म्हणून राहिले ते, माय?"

"कोन जाने. दिसभर तेच करतेत. नर्सबाईला इचारलं, तं म्हने शिर वढत आसंल." द्वारकाबाईंनी लसणाची साल फुंकली. "मी बोट धरून ठिवलं की थांबतेत. सोडलं की पुन्हा सुरू."

पिकअप दारात थांबली तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. बालाजीनं आणि ड्रायव्हरनं पलंग आत आणला. हवेच्या गादीची मोटर गुरगुरायला लागली, गादीच्या कप्प्याकप्प्यांत वारा भरला. तिघांनी मिळून बाबांना उचललं. केवढे हलके झाले होते ते. दसऱ्याला यांनीच सोयाबीनचं पोतं एकट्यानं माळ्यावर टाकलं होतं, असं बालाजी येणाऱ्याजाणाऱ्याला अजून सांगायचा.

"बघा बाबा, कसं सपाट हाय. आता जखम बराबर सुकती का न्हाई बघा," तो म्हणाला. त्याचा आवाज मोठा होता, बहिऱ्याशी बोलावं तसा.

बाबांनी या वेळी भिंतीकडं तोंड फिरवलं नाही. ते वर पत्र्याकडं बघत पडून राहिले. नंदाला वाटलं, याच्यापेक्षा त्यांनी तोंड फिरवलं असतं तर बरं.

"हिचं काय करू?" बालाजीनं बाज अंगणात नेऊन लिंबाला उभी टेकवली. "गोठ्यात टाकू? शेळ्या तरी बसतील."

"राहू दे, दादा."

"आगं, मोडून राहिली ती."

"राहू दे म्हणलं ना."

तो खांदे उडवून ड्रायव्हरला चहा पाजायला गेला. नंदा बाजेपाशी उभी राहिली. उभी केलेली बाज मागच्या बाजूनं तिनं जन्मात कधी पाहिली नव्हती; बाज पाहायची ती वरून, आणि पाहायची तरी कशाला, बसायचं. उतरत्या उन्हात कडेची लाकडं स्वच्छ दिसत होती. प्रत्येक दोरी लाकडाला एकदा फिरून, त्यावरून पुन्हा एकदा फिरून मग मागं वळली होती. एक वेढा, दुसरा वेढा. पहिला दोरीला जागेवर धरत होता, दुसरा तिला लाकडाशी वळू देत नव्हता. डोक्याकडं तसंच, पायगतीला तसंच, अंगणाच्या बाजूला तसंच.

तिचं बोट भिंतीकडच्या लाकडावरून खाली सरकत आलं आणि थांबलं. इथून पुढं एकच वेढा होता. तेरा ओळी, शेवटपर्यंत. ओढली की दोरी लाकडावरून घसरायची, ती तिथंच.

"माय, ही बाज कधी विणली?"

"दिवाळीत न्हाई का? पाडव्याच्या दुसऱ्या दिशी. तू त्या कम्प्युटरवर बसली व्हतीस की हितंच, ओसरीत." आई चहाची कपबशी घेऊन बाहेर आली. "शेवटली कड तीनदा उसवली त्यांनी. म्हने औंदाची दोरीच खराब हाय. मंग कटाळून टाकली तशीच."

नंदानं फोन काढला. म्हणजे दिवाळीत तिनं फोटो काढला होता ती बाज हीच; तो फोटो तिला पाठ होता. तिच्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणातलं ते पहिलंच चित्र होतं, 'विणलेल्या जाळीचं पारंपरिक उदाहरण' म्हणून. मार्गशीर्षातल्या सेमिनारमध्ये तिच्या सरांनी पडद्याजवळ जाऊन विचारलं होतं, उजवीकडची वीण अशी विस्कटल्यासारखी का दिसते? तिनं सांगितलं होतं, "हाताचं काम आहे, सर. माणूस म्हणजे काही मशीन नव्हे." सगळे हसले होते, सरही हसले होते.

चित्रात नुसती वीण दिसावी म्हणून तिनं बाकीचं कापून टाकलं होतं. फोनमध्ये मूळ फोटो अख्खा होता. तिनं तो बोटांनी मोठा केला. बाबा बाजेवर ओणवे होते. दोरी ओढत होता तो डावा हात, आणि दातांत दोरीचा पीळ धरला होता. उजवा हात लाकडावर नुसता ठेवलेला होता, दुसऱ्या कुणी आणून ठेवावा तसा. बाबांना डाव्या हातानं तिनं कधी भाकरीसुद्धा मोडताना पाहिलं नव्हतं.

फोटोच्या कोपऱ्यात तिच्या उघड्या लॅपटॉपची कड आली होती. फोटो काढायच्या आधी त्यांनी दोनदा हाक मारली होती, हेही तिला आता आठवलं. नंदे, जरा टोक धर गं. दोन मिनिटं, बाबा, म्हणाली होती ती. दोन मिनिटांनी उठून तिनं फोटो काढला होता.

"कुणाचा फोन?" आईनं विचारलं.

"कुणाचा न्हाई."

आईला सांगावं असं तिच्या तोंडाशी आलं. पण सांगून आईनं ते ठेवायचं कुठं? तिनं फोन ओढणीच्या टोकानं पुसला, उगाचच, आणि ठेवून दिला.

मग तिनं बाज उचलून आत आणली आणि लोखंडी पलंगाला लागून आडवी ठेवली. तिनं तेरा ओळी एकेक करून उसवल्या. बाबांचे पत्र्याकडचे डोळे खाली आले. बोट गादीवर फिरत होतं, एक गोल, दुसरा गोल.

"दोन वेढे," ती म्हणाली. "व्हय ना, बाबा?"

बोट थांबलं. त्यांनी डोळे मिटले नाहीत.

तिनं पहिला वेढा दिला. दुसरा द्यायला गेली तसा पहिला सैल पडला. पुन्हा दिला, पुन्हा सैल. पहिला कुणीतरी ताणून धरावा, तेव्हा दुसरा बसतो. नाहीतर त्याला दोन धडधाकट हात आणि बाबांची सवय लागते. गणितात तिनं ही अट एका ओळीत लिहिली असती. तिनं दोरीचं टोक बाबांच्या डाव्या हातात दिलं.

"बाबा, जरा टोक धरा."

त्यांची बोटं मिटली. नखं पांढरी होईपर्यंत मिटली. तिनं वळून दोरी ओढली, आणि काहीच जोर न लागता टोक त्यांच्या मुठीतून निघून तिच्यामागून जमिनीवर आलं.

दोन महिने पडून पडून त्या हातातलाही जोर गेला होता. मग तिनं टोक उचललं, पुन्हा त्यांच्या तळहातावर ठेवलं, त्यांची बोटं एकेक करून त्यावर मिटवली आणि वरून आपली मूठ धरली. या वेळी तिनं ओढलं नाही.