हळू आवाजातला प्रवेश

"ताई, सुरा आत्ता खांद्यात गेलाय, पोटात अजून जायचाय. पहिल्याच घावाला सगळा जीव ओतला तर शेवटच्याला काय उरणार?"

काचेपलीकडून अमोलचा आवाज हेडफोनमध्ये आला. मृणालिनीने कोमट पाण्याचा घोट घेतला आणि ती पुन्हा माइकसमोर उभी राहिली. पडद्यावर एक फ्रेंच बाई स्वतःच्याच स्वयंपाकघरात रक्तातून सरपटत होती. मृणालिनी तिच्याबरोबर किंचाळली, धापा टाकल्या, घशातून एक ओली घरघर काढली. मग पदराने चष्मा पुसून, पुढचा वार होईपर्यंत जरा टेकावं म्हणून स्टुलावर बसली.

मीरा रोडच्या सिल्व्हर पार्कमधल्या एका इमारतीच्या तळघरात हा डबिंगचा स्टुडिओ होता. परदेशातले सिनेमे इथे येऊन मराठी बोलायला लागायचे. या फ्रेंच बाईचे, म्हणजे मार्गोचे, संवाद रुचिता म्हणत होती. पण किंकाळ्या मारल्या की रुचिताचा घसा बसायचा आणि दुसऱ्या दिवशीची सीरियल बुडायची. म्हणून बोलायला रुचिता आणि मरायला मृणालिनी, अशी वाटणी ठरून गेली होती. धंद्यात सगळे तिला 'किंकाळीवाल्या ताई' म्हणत. साठी जवळ आलेल्या बाईला हे नाव काही भूषणाचं नव्हे. पण घरी कामावाचून बसण्यापेक्षा बाहेर जाऊन मेलेलं बरं, असं ती हसून म्हणायची.

मनातून मात्र तिला बोलायचं होतं. गिरगावात राहत असताना ती बँकेच्या नाट्यस्पर्धांतून कामं करायची, आणि तिचे संवाद ऐकायला म्हणून लोक यायचे. मीरा रोडला आल्यावर नाटक सुटलं. निदान सिनेमातल्या एखाद्या बाईने आपल्या आवाजात धड चार वाक्यं बोलावीत, एवढी एकच आस उरली होती. इतक्या वर्षांत ती कुणाला सांगितली नव्हती, कारण मागितलं आणि मिळालं नाही तर तेवढीही जायची.

"आता सुरुवातीचा भाग पटकन उरकू," अमोल म्हणाला. "वीस मिनिटं नुसतं घर, सूप आणि नवरा-बायको. लोक पुढे सरकवूनच बघतात."

रुचिता माइकपाशी आली. पडद्यावर संध्याकाळ होती. मार्गो टेबलावर दोन ताटल्या मांडत होती आणि तिचा नवरा एतिएन पलीकडच्या खोलीत जुना रेडिओ उघडून बसला होता. घराबाहेर दोन अनोळखी माणसं येऊन उभी आहेत, हे दोघांनाही माहीत नव्हतं.

"एतिएन, सूप थंड होत आहे. कृपया ये," रुचिता म्हणाली.

"अगं, कृपया कुठली बायको म्हणते नवऱ्याला?" मृणालिनीच्या तोंडून निघून गेलं.

"ताई, भाषांतरात तसंच आहे," अमोल कंटाळून म्हणाला. "आणि सूपकडे कोण बघतोय? लोक रक्त बघायला येतात."

मृणालिनी एरवी गप्प बसली असती. पण सकाळपासून ती त्या बाईबरोबर मरत होती आणि तिला तिची कणव आली होती.

"रक्त काय रे, कुणाचंही लालच असतं. ही बाई सूप वाढताना आपली वाटली नाही, तर पुढे मेली काय नि जगली काय! ज्या घरात कुणी राहतच नाही, ते फोडून त्या मेल्यांना काय मिळणार?"

अमोल हसला. माणूस वाईट नव्हता, फक्त घाईत असायचा. "मग तुम्हीच बोला. नाहीतरी पुढे ती बोलते कुठे? ओरडतेच. ही वीस मिनिटं तुम्हाला जमली, तर अख्खी बाई तुमची. काय गं, रुचिता?"

"घ्या ना, ताई. माझी उद्या सीरियल आहे," रुचिता मनापासून म्हणाली आणि हेडफोन तिच्या हातात दिला.

मृणालिनीने हेडफोन कानांवर चढवला. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन, असं झालं होतं. तिने पडद्यावरच्या बाईकडे पाहिलं आणि तोंड उघडलं.

"अहो, सूप निवतंय. या ना!"

रुचिताला हसू आवरेना. "ताई, फ्रान्समध्ये अहो?"

मृणालिनीही हसली. "जन्मात नवऱ्याला नावाने हाक मारली नाही गं. थांब, पुन्हा घेते."

पुन्हा घेतलं. "एतिएन! सूप निवतंय! ये ना!"

अमोलने कानावरचे हेडफोन झटकन बाजूला केले. "ताई, तो पलीकडच्या खोलीत आहे हो, उत्तनच्या समुद्रात नाही! हळू. घरात बोलतात तसं."

घरात बोलतात तसंच तर ती बोलली होती.

पुढच्या वेळी तिने आवाज खाली आणला, तर प्रत्येक अक्षर सुटं, टपोरं यायला लागलं. समोरच्याला ओठांवरून कळावं, म्हणून माणूस बोलतो तसं. त्याच्या पुढच्या वेळी आवाजाऐवजी नुसताच वारा आला. अमोल न चिडता पुन्हा पुन्हा घेत होता आणि त्यामुळे तिला जास्तच वाईट वाटत होतं. पडद्यावरची मार्गो दर वेळी वळून, अर्धवट हसून, सहज काहीतरी म्हणायची. तो सहजपणा आपल्या गळ्यात कुठेच सापडत नाही, हे मृणालिनीला हळूहळू कळून चुकलं.

तिचा नवरा हरिश्चंद्र बँकेच्या नाटकांत प्रॉम्प्टर होता. तिसऱ्या अंकात ती एकदा वाक्य विसरली, तेव्हा विंगेतून त्याने ते इतक्या हलक्या आवाजात दिलं की पहिल्या रांगेलाही पत्ता लागला नाही. त्या कुजबुजीवरच ती भाळली. लग्नानंतरही दोघं हळूच बोलायची. चाळीतल्या एका खोलीत, सासू दोन हातांच्या अंतरावर झोपलेली असताना, सगळा संसार त्यांनी कुजबुजत केला. मग त्याच्या कानाची नस गेली. मशीन घेतलं, तर ते कानात शिट्ट्या मारायचं, म्हणून ते खणात पडलं. ती मोठ्याने बोलायला लागली, आधी थोडं मोठ्याने, मग आणखी. गोळी घेतलीत का, नळ बंद करा, सिलिंडर आलाय. ओरडून सांगण्याजोगं तेवढं सांगितलं जायचं. जे ओरडून सांगता येत नाही, ते सांगायचं तिने केव्हा सोडून दिलं, ते तिचं तिलाही कळलं नव्हतं.

"रुचिता, ये गं तू," तिने हेडफोन काढून दिला. "मला नाही जमत. फक्त ते कृपया काढ."

रुचिता म्हणाली, "एतिएन, सूप निवतंय. ये ना." छान म्हणाली. मृणालिनीने बाहेरच्या बाकावर बसून ते पूर्ण ऐकलं. मग आत जाऊन शेवटचे तीन वार उरकले.

"ताई, आजच्या किंकाळ्या एक नंबर," अमोल म्हणाला.

घरी, शांती नगरला, जिन्यातच शेजारची हंसाबेन भेटली. "मृणालबेन, आज किसको मारा?"

"आज मैं ही मरी, हंसाबेन."

"अरे! अच्छा सुनो, सुबह आप भाई को बोल रहे थे ना, गैस बुक करो? तो मुझे भी याद आ गया, मैंने भी कर दिया!" हंसाबेन खुशीत खाली गेली.

एरवी मृणालिनी हसली असती. आज तिला वाटलं, आपल्या घराला भिंतीच राहिलेल्या नाहीत. चोरदरोडेखोर न येताही घर असं उघडं पडतं.

जेवायला दोघं समोरासमोर बसली. हरिश्चंद्र मान खाली घालून भाकरीचे तुकडे आमटीत कुस्करत होता. स्वयंपाकघरात पंख्याचा आवाज होता, खाली कुणीतरी स्कूटर लावत होतं.

"आज मला अख्खी बाई मिळाली होती," मृणालिनी म्हणाली. अगदी हळू. आवाज आपोआप खाली आला होता आणि छान लागला होता. इतका वेळ कुठे मेला होता हा, असं तिच्या मनात आलं. "नाही जमलं. तुम्ही विंगेत असतात तर जमलं असतं."

तो जेवत होता. तिने आणखी हळू, जवळजवळ ओठांतल्या ओठांत म्हटलं, "मला तुमची फार आठवण येते."

हरिश्चंद्रने काहीतरी जाणवून वर पाहिलं. तिचे ओठ नुकते मिटत होते. त्याने पळभर तिच्या तोंडाकडे बघितलं, मग काय ते उमगल्यासारखी मान हलवली आणि लोणच्याची बरणी तिच्याकडे सरकवली.

"घे की. मागायचं काय त्यात?"

गळ्यासाठी तिने लोणचं कधीच सोडलं होतं. तिने बरणीचं झाकण उघडलं, एक मोठीशी फोड पानात वाढून घेतली आणि तो बघत असताना त्याच्यासमोर चवीने खाल्ली.