इन्सब्रुक फिरून आलेले बोंबील

आधीच सांगते, मी रागात आहे. परत येऊन आठ दिवस झाले तरी राग उतरलेला नाही, आणि तो उतरावा अशी माझी इच्छाही नाही. जो तो भेटला की विचारतो, "काय नुसरत, युरोप कसा होता?" मी म्हणते, आमच्या बोंबलांना विचारा, ते माझ्यापेक्षा जास्त फिरलेत.

आम्ही ईसा टाउनला राहतो. मी घरी शाळेचे युनिफॉर्म शिवते. माझा नवरा तौकीर एसीच्या कंपनीत फोरमन आहे. चोवीस वर्षं झाली आम्हाला बहरीनमध्ये, आणि चोवीस वर्षांत रजा म्हणजे गाव, गाव म्हणजे रत्नागिरी. कुणाचं लग्न, कुणाचं ऑपरेशन, कुणाच्या घराची कौलं. बरं, जायचं तेही आपलं सामान घेऊन नाही. इथे कुणी बॅग खाली काढली की लोक 'कधी निघताय' विचारत नाहीत, 'किती किलो मोकळे आहेत' विचारतात. कुणाचं ब्लँकेट, कुणाचा मिक्सर, कुणाच्या सासूचं औषध. घरचं झालं थोडं, व्याह्यानं धाडलं घोडं! माझ्या बॅगेत माझे कपडे कोपऱ्यात कोंबलेले असायचे.

माझ्या फ्रिजवर एका जुन्या कॅलेंडरचं पान आहे, २०११चं, जून महिन्याचं. एक नदी, काठाला रांगेनं उभी पिवळी, गुलाबी, हिरवी घरं, आणि त्यांच्या डोक्यावर बर्फाचा डोंगर. खाली लिहिलंय, इन्सब्रुक. साल उलटलं, पण मी ते पान काढलं नाही. उन्हाळ्यात मशीनवर बसून मान मोडली की उठायचं, पाणी प्यायचं आणि त्या घरांकडे बघायचं. एकदा त्या नदीच्या पुलावर नवऱ्याच्या शेजारी उभं राहायचं, हातात कुणाचंही काहीही न घेता. एवढीच हौस.

यंदा आमची लेक सुहा नोकरीला लागली आणि तिनं व्हिसा, तिकीट, हॉटेल सगळं करून दिलं. व्हिएन्नापर्यंत विमान, पुढे साडेचार तास ट्रेन, इन्सब्रुकला तीन दिवस. मी तौकीरला बजावलं होतं, "कुणाला सांगू नका." त्यांनी कुणालाच सांगितलं नाही. फक्त अलीभाईंना सांगितलं.

अलीभाई म्हणजे अलीमियाँ. आमच्याच गावचे, जमातीत मान असलेले. तौकीरना पहिला व्हिसा काढून इथे आणलं ते त्यांनी. तेव्हापासून अलीभाईंनी 'उठ' म्हटलं की आमचे उठतात, 'बस' म्हटलं की बसतात. निघायच्या आदल्या दिवशी अलीभाई आणि त्यांच्या बायको मसूदाभाबी दारात, आणि सोबत खोका. नायलॉनच्या दोरीनं आवळलेला, वर मार्करनं मोठ्या अक्षरात लिहिलेलं, 'अम्मार, म्युनिक'.

अम्मार त्यांचा धाकटा. दोन वर्षांपूर्वी शिकायला जर्मनीला गेला. "म्युनिक तिथून दोन तासांवर आहे गो," मसूदाभाबी म्हणाल्या. "तो येईल तुमच्याकडे. फक्त त्याच्या हातात द्या. दुसऱ्या कुणाच्या नाही, त्याच्याच हातात." खोक्यात सुके बोंबील, सोडे, घरचा मसाला, आमसुलं आणि एक गोधडी. नऊ किलो!

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तौकीर म्हणाले, "त्यात काय भाबी, अमानत आहे, पोचली समजा."

भीड भिकेची बहीण म्हणतात ना, ती आमच्या घरी पाहुणी नाही, माझी सवत म्हणून राहते.

असो. इन्सब्रुकला पोचलो. स्टेशनाबाहेर पाऊल टाकलं आणि समोर डोंगर, जूनमध्येही माथ्यावर पांढरे पट्टे. हवा अशी की छाती भरून घ्यावी. मी थांबले. तौकीर म्हणाले, "चल लवकर, खोका जड आहे."

फोनचं पॅकेज सुहानं माझ्याच फोनवर घातलं होतं, त्यामुळे अम्मारचे मेसेज मला यायचे. पहिल्या दिवशी म्हणाला, अकराच्या ट्रेननं येतो. आम्ही स्टेशनवर. अकराचे तीन झाले. मग मेसेज, 'सॉरी आंटी, उद्या नक्की.' दुसऱ्या दिवशी म्हणाला, संध्याकाळी. मधल्या वेळात मी तौकीरना ओढत जुन्या शहरात नेलं. तिथे एका राजाच्या सज्ज्यावर सोन्याचा मुलामा दिलेलं छप्पर आहे, पाचशे वर्षांचं. खाली जग उभं राहून फोटो काढत होतं. मागून कुणीतरी अरबीत 'यल्ला, यल्ला', चला चला, म्हणालं, बघते तर आमच्या बहरीनमधल्याच रिफाचं एक कुटुंब, पोरंबाळं आइस्क्रीम खातायत. आणि आमचे? आमचे त्या सोन्याच्या छपराखाली खोक्यावर बसलेले! हॉटेलात ठेवता येत नव्हता ना. सकाळीच रिसेप्शनवरच्या बाईनं नाकाला रुमाल लावून विचारलं होतं की खोलीत काही मेलं आहे का. लाजेनं मेले मी.

वर मसूदाभाबींचे व्हॉइस मेसेज. 'भेटला का गो?' 'आला का?' 'कसा दिसतो?' दोन दिवसांत अकरा. मी एकालाही उत्तर दिलं नाही. म्हटलं, बाईला बोंबलांची केवढी काळजी!

तिसऱ्या दिवशी सकाळी केबल कारची तिकिटं होती. डोंगरावर, बर्फात. तौकीर म्हणाले, "तू जा. आज तो आला आणि आपण नसलो तर?"

"नाही येणार तो."

"दुसऱ्याची अमानत आहे नुसरत."

"आणि मी कुणाची आहे?" मी भर स्टेशनवर ओरडले. लोक बघायला लागले. बघू देत. मी तिकिटं फाडली आणि एकटीच निघाले. डोंगरावर नाही, पुलावर. रस्ता विचारत, चुकत पोचले. सगळं तस्संच होतं. नदी, पिवळं घर, गुलाबी घर, हिरवं घर, वर डोंगर. तेरा वर्षांहून जास्त रोज बघितलेलं सगळं समोर, आणि डोळ्यांत रागाचं पाणी, त्यामुळे धड काही दिसेना. फोटोही काढला नाही. शेजारी कुणी नव्हतंच, कुणाचा काढणार?

तिथेच अम्मारचा मेसेज आला. 'आंटी, मला जमणार नाही. प्लीज घरी सांगा की आपण भेटलो, मी मजेत आहे.' मी परत येऊन फोन तौकीरच्या नाकासमोर धरला. त्यांनी वाचला, मान हलवली, म्हणाले, "भाबींना मी बघतो." खोका उचलला आणि बहरीनला परत आणला. हो, परत आणला! फेकवला नाही. अमानत ना! आल्यावर आमच्या पलंगाखाली ढकलला.

आता कालचं ऐका.

काल शुक्रवार. नमाजनंतर अलीभाई आणि मसूदाभाबी आले, हातात मिठाईचा मोठा डबा. मला वाटलं, खोका परत न्यायला आलेत. मसूदाभाबींनी मला मिठीच मारली. "अल्ला तुमचं भलं करो," म्हणाल्या. "तौकीरनं तिथल्या हॉटेलातून कळवलं, भेटला म्हणून. सांग ना, कसा आहे माझा अम्मार?"

मी तौकीरकडे बघितलं. ते पंख्याकडे बघत होते. म्हणजे 'मी बघतो'चा अर्थ हा!

"मस्त आहे भाबी," तौकीर म्हणाले. "अंगानं भरलाय. केस बारीक कापलेत. आमच्याबरोबर जेवला. बोंबील बघून काय खूश झाला!"

"गोधडी आवडली?"

"लगेच अंगावर घेतली."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. गोधडी! जूनमध्ये! माझे तीन दिवस स्टेशनवरच्या बाकड्यावर गेले, आणि हे त्याच दिवसांवर कशिदा काढत बसलेत. तरी मी तोंड दाबून बसले. म्हटलं, एका आईला बरं वाटतंय, बोलू दे खोटं, मरू दे.

मग अलीभाईंनी चष्मा काढला. हा माणूस मी चोवीस वर्षांत कधी रडलेला बघितला नाही. म्हणाले, "तौकीर, आता सांगायला हरकत नाही. मार्चपासून पोरानं फोन उचललेला नाही. 'बिझी आहे' एवढाच मेसेज. ही रात्रंदिवस जागी. कुणाला सांगायचं? लोक काय म्हणतील? तू डोळ्यांनी बघून आलास, खलास, आता माझी काळजी मिटली."

मला मिनिटभर कळेना. मग सगळं कळलं. अकरा व्हॉइस मेसेज. 'त्याच्याच हातात द्या.' बोंबील नव्हतेच पाठवायचे त्यांना. पोराला बघून यायला आमचे डोळे पाठवले होते त्यांनी, आणि एका शब्दानं सांगितलं नाही! इज्जत जाते ना! अरे, सांगितलं असतं तर मी त्या पुलाचं तोंडही बघितलं नसतं. पहिल्याच दिवशी ट्रेन पकडून म्युनिकला गेले असते आणि कान धरून त्याला बाहेर काढलं असतं. यांनी लपवलं, त्यानं लपवलं, आणि या सगळ्यावर माझ्या नवऱ्यानं वरून पांघरूण घातलं.

मी उठले. आत गेले, पलंगाखालून खोका ओढला, फरफटत बाहेर आणला आणि मिठाईच्या डब्याशेजारी आपटला. दोरीला गाठ तीच, मसूदाभाबींनी मारलेली.

"नुसरत!" तौकीर ओरडले.

"गप्प बसा. खूप बोललात." मी भाबींसमोर खाली बसले. "भाबी, आम्हाला अम्मार भेटला नाही. एक मिनिटसुद्धा नाही. तीन दिवस वाट बघितली. शेवटी मेसेज आला, घरी सांगा भेटलो म्हणून."

मसूदाभाबींनी गाठीवरून हात फिरवला. अलीभाई तौकीरकडे बघत होते. तौकीर जमिनीकडे.

"पण माझ्या नंबरला उत्तर देतो तो," मी म्हटलं, आणि तिथल्या तिथे फोन लावून स्पीकरवर टाकला. तिसऱ्या रिंगला उचलला.

"आंटी, आय ॲम सो सॉरी. अंकलनी सांगितलं ना घरी? प्लीज, अम्मीला कळू देऊ नका."

"तुझी अम्मी माझ्यासमोर बसलीय," मी म्हटलं. "सगळं ऐकतेय."

"बंद कर तो फोन," अलीभाई अर्धवट उठत म्हणाले.

"बसा अलीभाई." चोवीस वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना बसवलं. ते बसले.

"अम्मार," मसूदाभाबी म्हणाल्या.

"अम्मी... मी बिझी होतो. एक्झाम होती, मग..."

"खोटं बोलायचं असेल तर ठेव फोन."

त्यानं ठेवला नाही. मग इंग्लिश सोडून गावच्या सुरात बोलायला लागला. "मी नापास झालो, अम्मी. फेब्रुवारीतच कॉलेज सुटलं. गोदामात काम करतो. अब्बूंना काय तोंड दाखवू?"

"तेच तर बघायचं होतं मला," भाबी म्हणाल्या. "दुसरं काय मागितलं होतं? व्हिडिओ लाव."

त्यानं व्हिडिओ लावला. केस खांद्यापर्यंत वाढलेले, गाल आत गेलेले, अंगावर कसलासा निळा युनिफॉर्म. मसूदाभाबींनी फोन दोन्ही हातांनी धरला. एकदाच मान वर करून तौकीरकडे बघितलं, मग पुन्हा फोनकडे. अलीभाई खुर्चीवरून उठून भाबींच्या मागे येऊन उभे राहिले.

"खोका आता कुणाबरोबर पाठवत नाही," भाबी पोराला म्हणाल्या. "मीच घेऊन येते. स्टेशनवर उभा राहशील ना?"

तो रडायला लागला. मी उठले. तौकीर अजून जमिनीकडेच बघत होते.

"उठा," मी म्हटलं. "चहा टाका. चार कप. आणि पुढच्या वेळी मी पुलावर उभी राहीन तेव्हा तुम्ही माझ्या शेजारी उभे असाल, रिकाम्या हातांनी."

ते उठले आणि आत जाऊन गॅस पेटवला.